जगभरातल्या लिहित्या विद्यार्थ्यांशी जोडून घेताना : मुलं, पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत भाषा शिकवते. गेली काही वर्षं आमच्याकडची लिहिणारी मुलं दुसऱ्या देशांतल्या लिहिणाऱ्या मुलांशी ऑनलाइन जोडलेली आहेत. कुणाचा जोडीदार केनियात आहे, कुणाचा फिलिपिन्समध्ये, कुणाचा अमेरिकेतल्या मराठी शाळेत. पालकसभेत, शाळा सुटल्यावर, कधी एसटी स्टँडवर उभी असतानाही मला याबद्दल विचारलं जातं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मुलांच्या प्रश्नांना मुलांशी बोलते तसं उत्तर दिलं आहे, मोठ्यांच्या प्रश्नांना मोठ्यांशी बोलते तसं.

हे इंटरनेट आल्यावरचं नवं खूळ आहे का?

नाही. लिहिणाऱ्या मुलांना आपल्यासारखंच लिहिणारं दुसरं कुणीतरी हवं असतं, आणि ही ओढ बरीच जुनी आहे. अमेरिकेत १८६० नंतर टेबलावर मावेल एवढी, हाताने चालवायची स्वस्त छपाईयंत्रं बाजारात आली. शाळकरी वयाची मुलं त्यावर आपापली चिमुकली मासिकं छापून एकमेकांना टपालाने पाठवू लागली. त्यातूनच १८७६ साली फिलाडेल्फियात हौशी छापणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे १८९९ मध्ये ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकाने अठरा वर्षांपर्यंतच्या वाचकांसाठी लेखनाच्या स्पर्धा घेणारं मंडळ सुरू केलं. चांगल्या लेखनाला चांदीचा आणि सोन्याचा बिल्ला मिळायचा. पुढे कीटकनाशकांच्या धोक्याबद्दल जगाला सावध करणाऱ्या रेचेल कार्सन यांचं पहिलं लेखन १९१८ साली तिथेच छापून आलं. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या.

संगणकावरून शाळा जोडण्याचं काम १९८८ मध्ये सुरू झालं. शीतयुद्ध अजून संपलेलं नव्हतं, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या काही शाळा आणि मॉस्कोतल्या काही शाळा एकमेकींना जोडल्या गेल्या. आज ज्याला ‘आयअर्न’ म्हणतात, ते शाळांचं जाळं त्यातूनच वाढलं. शत्रू म्हणून शिकवलेल्या देशातलं मूल आपल्यासारखंच गृहपाठाला कंटाळतं, हे त्या मुलांना तेव्हा कळलं असणार. मला त्यांचा फार हेवा वाटतो.

आपल्याकडे बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि मुलांनी लिहिलेलं त्यात छापलं जातं. मी स्वतः सातवीत असताना एका मासिकाला कविता पाठवली होती. छापून आली नाही. पण पाकिटावर पत्ता लिहिताना हात थरथरला होता, तो अजून आठवतो.

वर्गात मित्रमैत्रिणी आहेत, बाई आहेत. मग लांबच्या अनोळखी मुलांनी का वाचायचं?

कारण जवळच्या माणसाला सगळं आधीच ठाऊक असतं. आमच्या नववीतल्या एका मुलीने आजीच्या गोधडीवर लिहिलं. वर्गात सगळ्यांनी वाचलं, ‘छान आहे’ म्हटलं. गोधडी म्हणजे काय हे प्रत्येकाला माहीत, त्यामुळे कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. तोच मजकूर मोडक्यातोडक्या इंग्रजीत केनियातल्या मोंबासाच्या एका मुलीकडे गेला. तिने विचारलं, “यातला प्रत्येक तुकडा कुणाच्या ना कुणाच्या कपड्याचा आहे, तर मग ती माणसं कोण? आणि शिवताना आजी गप्प असायची की बोलायची?”

आमची मुलगी घरी गेली, आजीजवळ बसली आणि तुकडे मोजू लागली. एक तुकडा तिच्या जन्माआधीच वारलेल्या आत्याच्या परकराचा निघाला. घरात कुणीच त्या आत्याबद्दल कधी बोललं नव्हतं. दुसऱ्या खर्ड्यात गोधडी मागे राहिली आणि आत्या पुढे आली.

मग मोंबासाच्या मुलीने तिच्या आजीच्या कांगाबद्दल लिहून पाठवलं. कांगा हे पूर्व आफ्रिकेतलं सुती वस्त्र. त्याच्या खालच्या काठाजवळ स्वाहिलीत एक म्हण किंवा ओळ छापलेली असते, आणि तोंडाने बोलता येत नाही ते बायका त्या ओळीतून शेजारणीला, सुनेला, नवऱ्याला सांगतात. आता प्रश्न विचारायची पाळी आमच्या मुलीची होती, आणि तिने सतरा प्रश्न विचारले.

अनोळखी वाचकाकडून मिळतं ते हे. जे इतकं जवळ आहे की आपल्याला दिसतच नाही, ते तो बाहेरून बघतो आणि विचारतो.

बाई, माझं इंग्रजी कच्चं आहे. मी मराठीत लिहिलं तर चालेल का?

चालेल, आणि आधी मराठीतच लिही. ज्या भाषेत तू भांडतेस, रडतेस, आईला हाक मारतेस, त्या भाषेत पहिला खर्डा पूर्ण होऊ दे. इंग्रजीत थेट लिहायला गेलीस की जे म्हणायचंय ते न लिहिता जेवढं जमतंय तेवढंच लिहिशील. मी हे दरवर्षी बघते. मराठीत ‘उंबऱ्यावर बसून आई तांदूळ निवडत होती’ असं लिहिणारं मूल इंग्रजीत ‘आई काम करत होती’ एवढ्यावर थांबतं.

खर्डा झाला की भाषांतर. यंत्राकडून करून घेतलंस तरी ओळ न् ओळ तपास. उंबरा, ओसरी, परडं, सारवण, ओटी भरणे अशा शब्दांना नेमका जोड शब्द नसतो. ते तसेच ठेव आणि त्याच वाक्यात त्यांचं काम दिसू दे. ‘सारवणाचा ओला वास येत होता’ एवढंच लिहिलंस तर परदेशातल्या मुलाला काही कळणार नाही. ‘आईने शेणाने सारवलेली जमीन अजून ओली होती, म्हणून आम्ही भिंतीच्या कडेकडेने चाललो’ असं लिहिलंस तर त्याला सगळं दिसेल.

समोरचंही बहुतेक वेळा इंग्रजी मातृभाषा नसलेलंच मूल असतं. मनिलातली मुलगी घरी टागालोग बोलते, मोंबासातली स्वाहिली. तेही तुझ्यासारखेच शब्द शोधत लिहितात, हे एकदा कळलं की भीती जाते. आणि भाषांतर करताना मूळ मराठीच सुधारतं, हा अनुभव आमच्या जवळपास प्रत्येक मुलाला आलेला आहे. जे वाक्य इंग्रजीत नेताच येत नाही, ते पुष्कळदा मराठीतही धूसरच असतं.

नक्की कुठे जायचं? नावं सांगा.

मला खात्रीच्या वाटणाऱ्या जागा सांगते. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा आहे.

‘राइट द वर्ल्ड’ ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. १३ ते १९ वयाच्या मुलांसाठी आहे, लेखन इंग्रजीत. दर काही दिवसांनी नवा विषय मिळतो, स्पर्धा होतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुलं एकमेकांच्या खर्ड्यांवर ठरावीक प्रश्नांच्या आधाराने अभिप्राय देतात. खर्डा आधी, पक्कं लेखन नंतर, ही सवय तिथे लागते. नववी-दहावीच्या मुलांना मी आधी इथे पाठवते.

कविता लिहिणाऱ्यांसाठी लंडनच्या पोएट्री सोसायटीचं ‘यंग पोएट्स नेटवर्क’ आहे. २५ वर्षांपर्यंतच्या कवींसाठी तिथे लेखनाची आव्हानं आणि कविता कशी घडते यावरचं साधं, वाचनीय लेखन मिळतं. त्याच संस्थेची ‘फॉयल’ कवितास्पर्धा ११ ते १७ वयोगटासाठी असते. कुठल्याही देशातून भाग घेता येतो आणि प्रवेश विनामूल्य आहे.

निबंध आवडत असेल तर राष्ट्रकुल देशांतल्या मुलांसाठीची निबंधस्पर्धा बघा. रॉयल कॉमनवेल्थ सोसायटी ती १८८३ पासून घेते. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे आपली मुलं पात्र आहेत. चौदा वर्षांखालचा गट वेगळा आणि मोठ्यांचा वेगळा.

गोष्टी लिहायचं-वाचायचं ‘वॉटपॅड’ सगळ्यांनाच माहीत आहे. टोरांटोत २००६ मध्ये सुरू झालं, २०२१ मध्ये कोरियाच्या नेव्हर कंपनीने विकत घेतलं. वेल्समधल्या बेथ रीकल्स हिने वयाच्या पंधराव्या वर्षी तिथे भागाभागाने कादंबरी लिहायला घेतली. तिचं पुढे पुस्तक झालं आणि २०१८ मध्ये त्यावरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. ही गोष्ट मुलं मला डोळे मोठे करून सांगतात. गोष्ट खरी आहे, पण ज्यांना कुणी वाचलंच नाही अशीही असंख्य लेखनं तिथे पडून आहेत. शिवाय तिथे सगळ्या वयाचे लोक असतात आणि मोठ्यांसाठीचा मजकूरही. दहावीच्या आतल्या मुलांना एकट्याने तिथे जायला मी सांगत नाही.

मराठीत लिहायचं असेल तर बंगळुरूहून चालणारं ‘प्रतिलिपी’ आहे. वाचक भरपूर, पण तेही बहुतेक मोठे आणि मालिकांसारख्या कथांची सवय असलेले. मला त्याहून जवळचं वाटतं ते प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ पासून तिथे मुलांच्या सचित्र गोष्टी खुल्या परवान्याने ठेवलेल्या आहेत. म्हणजे मूळ लेखकाचं नाव देऊन कुणीही त्या वाचू शकतो, भाषांतर करू शकतो, त्यातली चित्रं घेऊन नवी गोष्ट रचू शकतो. आमच्या आठवीच्या मुलांनी पहिलं भाषांतर तिथल्याच एका गोष्टीचं केलं. दुसऱ्याचं वाक्य आपल्या भाषेत आणताना लेखनाचं जेवढं शिक्षण होतं, तेवढं माझ्या चार तासिकांत होत नाही.

नोव्हेंबरमध्ये कादंबरी लिहायचा तो उपक्रम बंद झाला म्हणे?

हो. ‘नॅनोरायमो’. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात २१ जणांनी सुरू केला होता. तीस दिवसांत ५०,००० शब्द लिहायचे. मुलांसाठी वेगळा विभाग होता आणि तिथे मुलं आपल्या झेपेल तेवढं शब्दांचं लक्ष्य स्वतः ठरवायची. अनेक देशांतले शिक्षक वर्गच्या वर्ग घेऊन त्यात उतरायचे. २०२३ मध्ये तिथल्या चर्चांवरच्या देखरेखीबद्दल आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दल गंभीर तक्रारी झाल्या, पुढच्या वर्षी यंत्रलिखित, म्हणजे एआयने लिहिलेल्या, मजकुराबद्दलच्या भूमिकेवरून वाद झाला, पैशांची चणचण होतीच. मार्च २०२५ च्या शेवटी संस्थेने बंद होत असल्याचं जाहीर केलं.

त्याआधी ‘फिगमेंट’ नावाची किशोरांची फार सुंदर जागा होती. २०१० मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये एका मोठ्या प्रकाशनाने घेतली आणि काही वर्षांतच नाहीशी झाली. मुलांनी तिथे लिहिलेलं किती हरवलं असेल, याचा विचार केला की आजही वाईट वाटतं.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. प्रत्येक लेखनाची एक प्रत वहीत किंवा स्वतःच्या फाइलमध्ये राहिलीच पाहिजे. तारखेसकट. मिळालेले अभिप्रायसुद्धा उतरवून ठेवायचे. उपक्रम गेला तरी पद्धत राहते. आम्ही अजूनही दिवाळीच्या सुट्टीत शब्दांचं लक्ष्य ठरवून लिहितो, तक्ता फळ्यावर लावतो आणि शेवटच्या दिवशी चहा-चिवडा करतो.

दुसऱ्याच्या लेखनावर काय बोलायचं ते मला सुचत नाही. मी ‘मस्त’ लिहितो.

बहुतेकांचं असंच होतं. ‘मस्त’ म्हटल्याने लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पण पुढे काय करायचं ते कळत नाही. मी मुलांना तीनच गोष्टी लिहायला सांगते. वाचून झाल्यावर पान बंद करायचं आणि डोक्यात काय राहिलं ते लिहायचं. मग पुन्हा उघडून, वाचताना कुठे अडखळलो ती जागा दाखवायची. शेवटी एकच प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला खरंच हवं आहे.

एक उदाहरण देते. आमच्या मुलाने लिहिलं होतं, ‘पाऊस खूप जोरात पडत होता आणि मला खूप वाईट वाटत होतं.’ फिलिपिन्समधल्या त्याच्या जोडीदाराने एवढंच विचारलं, “तुमच्या घरात पावसाचा आवाज कसा येतो? आमचं छप्पर पत्र्याचं आहे, पाऊस आला की आम्हाला टीव्ही बंद करावा लागतो.” दुसऱ्या खर्ड्यात वाक्य असं झालं : ‘पत्र्यावर पाऊस इतका आपटत होता, की आई काय म्हणतेय ते तिच्या ओठांवरून ओळखावं लागत होतं.’ वाईट वाटल्याचा उल्लेखच गेला, कारण त्याची गरज उरली नाही. कुणी त्याला ‘वर्णन वाढव’ म्हटलं असतं तर त्याने काळे ढग आणि कडाडणारी वीज घातली असती.

शुद्धलेखनाच्या चुका दाखवायच्या का? शेवटच्या खर्ड्यात, आणि समोरच्याने विचारलं तर. पहिल्याच वाचनात ऱ्हस्व-दीर्घावर तुटून पडलात तर ते मूल पुन्हा काही दाखवणार नाही. मी स्वतः शिक्षिका म्हणून ही चूक पुष्कळ वर्षं केली. लाल शाईने भरलेली वही हातात घेतल्यावर पडलेले काही चेहरे मला अजून दिसतात.

आणि एक हिशेब पाळायचा. स्वतःचं एक टाकण्याआधी दुसऱ्यांची तीन वाचायची. जे फक्त आपलं टाकून निघून जातात, त्यांना काही दिवसांनी कुणी वाचत नाही.

कुणीतरी माझ्या कवितेला ‘बोअर’ म्हटलं. आता लिहावंसं वाटत नाही.

त्याने कुठली ओळ, का, ते सांगितलंय का? नसेल तर त्यात तुझ्या उपयोगाचं काही नाही, सोडून दे. सांगितलं असेल तर दोन दिवस थांब आणि मग ती ओळ परत वाच. तोवर उत्तर लिहू नकोस. आणि हेटाळणी असेल, जातीवरून, रंगावरून, देशावरून काही असेल तर ती टीकाच नव्हे. ती मला दाखव, आपण ती तक्रार म्हणून कळवू.

मुलांचं वय किती हवं? कायदा काय म्हणतो?

बहुतेक ठिकाणी किमान वय १३ असतं. त्याचं मूळ अमेरिकेतल्या १९९८ च्या कायद्यात आहे : तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. आपला २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातंच ठेवता येत नाही. तिथल्या शाळेशी जोडून घ्यायचं असेल तर शिक्षकांच्या ईमेलवरूनच देवाणघेवाण करावी.

खोटं वय टाकून खातं उघडू नका, उघडू देऊ नका. वय खोटं टाकलं की लहान मुलांसाठी असलेली सगळी संरक्षणं त्या खात्यावरून निघून जातात. आठवीच्या आतली मुलं आमच्याकडे शाळेच्या खात्यावरूनच, शिक्षक शेजारी असताना लिहितात.

माझ्या मुलीला कुणी फसवलं तर?

ही काळजी योग्यच आहे, आणि ‘काही होत नाही हो’ असं मी कधीही म्हणणार नाही.

टोपणनाव घ्यायचं. शाळेचं नाव, गाव, गणवेशातला फोटो, घराबाहेरचा फोटो, क्लासची वेळ यातलं काहीही द्यायचं नाही. एवढं बहुतेक पालकांना माहीत असतं. लेखनातून माहिती गळते ती मात्र लक्षात येत नाही. मुलगी आत्मपर लिहिते आणि त्यात गावच्या जत्रेचं, शाळेच्या रस्त्याचं, बाबांच्या दुकानाचं नाव सहज येऊन जातं. म्हणून टाकण्याआधी मी एकदा फक्त नावांसाठी मजकूर वाचते. गाव बदलता येतं, भाव तसाच राहतो.

धोक्याची सगळ्यात ठळक खूण म्हणजे बोलणं लेखनावरून हटवून खासगी गप्पांकडे नेणारा माणूस. “तू तुझ्या वयाच्या मानाने फार प्रगल्भ लिहितेस, आपण दुसऱ्या ॲपवर बोलू, घरी सांगू नकोस.” हे वाक्य असंच्या असं मी आमच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे ते समोर आलं की मुलांना ओळखता येईल. लिहिणारी मुलं कौतुकाची भुकेली असतात आणि फसवणारा नेमकं कौतुकच घेऊन येतो.

काही घडलंच तर मुलीवर ओरडू नका आणि मोबाइल हिसकावून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. संदेश पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. बालकांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठीची १९३० हे क्रमांक आमच्या शाळेत संगणकाच्या वरच चिकटवलेले आहेत.

लेखन चोरीला गेलं तर? हक्क कुणाचे?

लिहिलंस त्या क्षणापासून ते तुझं. भारतात स्वामित्वहक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या हयातीनंतरही साठ वर्षं टिकतो. तारीख असलेले खर्डे हाच सगळ्यात चांगला पुरावा, म्हणून प्रत ठेवायचा आग्रह.

मुलांच्या लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. जे कुणालाही वाचता येईल असं ऑनलाइन ठेवलंत, ते पुष्कळ मासिकं आणि स्पर्धा ‘आधीच प्रसिद्ध’ मानतात आणि घेत नाहीत. म्हणून आवडती कविता स्पर्धेला पाठवायची असेल तर ती फक्त जोडीदाराला किंवा बंद गटात दाखवा. स्पर्धेच्या अटींत ‘सर्व हक्क कायमचे आमचे’ असं कुठे असेल तर भाग घेऊ नका.

आमच्या मुलाची कविता ‘आंतरराष्ट्रीय संग्रहा’साठी निवडली गेली आहे. दीड हजार रुपये भरायचे आहेत. भरू का?

भरू नका. निवड खरी असेल तर लेखकाकडून पैसे घेत नाहीत. असे संग्रह बहुतेक वेळा त्यातल्या लेखकांचे आईवडीलच विकत घेतात, बाकी कुणी वाचत नाही. प्रमाणपत्राचा मोह आवरा. वर मी दिलेल्या फॉयल आणि राष्ट्रकुल या दोन्ही स्पर्धांना प्रवेशशुल्क नाही.

यंत्राकडून लिहून घेतलं तर काय बिघडलं?

स्पर्धांच्या अटी वाच, बहुतेक ठिकाणी ते चालत नाही. पण मला अटींपेक्षा मोंबासाच्या त्या मुलीचं जास्त वाटतं. तिने शनिवारची दुपार देऊन तुझं लेखन वाचलं, तुझी आजी कशी बोलते ते विचारलं. तिला यंत्राने रचलेली आजी देणं म्हणजे तिला फसवणं आहे. भाषांतरात अडलेला शब्द शोधायला, शुद्धलेखन तपासायला यंत्र वापर, आणि वापरलंस ते जोडीदाराला सांग.

मराठी टाइप करताना अक्षरं नीट येत नाहीत.

युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच दाखवणाऱ्या पद्धतीतला, मराठी कीबोर्ड निवड, हिंदीचा नव्हे. हिंदीच्या कीबोर्डवर ‘ऱ’ आणि ‘ॲ’ सहज सापडत नाहीत. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली. ‘ऱ’ नसेल तर ‘दऱ्या’ लिहायच्या जागी ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातली वाट थेट समुद्रात. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यातला फरक तर लग्नाच्या पंगतीत बसलेल्या कुणालाही कळेल. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल परदेशी पाठवू नका, तिथे नुसती चिन्हं दिसतात.

वेळेचं कसं जमवायचं?

एकत्र ऑनलाइन यायचा हट्ट सोडा. लेखन पाठवा, उत्तर आठवड्याने येऊ द्या. तेवढ्यात विचारही होतो. महिन्यातून एकदा आवाज ऐकायचा असेल तर आपली संध्याकाळ धरा. आपल्याकडे साडेसात वाजतात तेव्हा मॉरिशसमध्ये सहा, हिवाळ्यात लंडनला दुपारचे दोन आणि न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजलेले असतात. उन्हाळ्यात लंडन आणि न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे जातात, ते आम्ही पहिल्या वर्षी विसरलो आणि बारा मुलं तासभर रिकाम्या पडद्यासमोर बसली.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना याचा काय उपयोग?

उत्तर अमेरिकेत १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ आहे, गावोगावी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा भरतात. मॉरिशसमध्ये तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी गेलेल्या मराठी घरांतली मुलं शाळेत मराठी शिकतात. या मुलांना मराठी वाचता येतं, थोडं लिहिताही येतं, पण लिहायचं कुणासाठी? आजी व्हिडिओ कॉलवर बोलते, तिला पत्र लागत नाही.

आमच्या मुलांशी जोडल्यावर त्यांना आपल्याच वयाचा मराठी वाचक मिळाला. अमेरिकेतल्या एका मुलाने लिहिलं, ‘मी बर्फ शवल करून दमलो.’ आमच्या वर्गात यावर तासभर चर्चा झाली. बर्फ उपसतात, ओढतात की लोटतात? सातारच्या मुलांनी बर्फ कधी पाहिला नव्हता आणि त्या मुलाकडे क्रियापद नव्हतं. शेवटी ‘उपसून’वर एकमत झालं. दोन्हीकडे मराठी थोडी वाढली असं मला वाटतं.

अभ्यास बुडेल का?

आठवड्याला दोन तास पुरतात. दहावीच्या जानेवारी ते मार्चमध्ये आम्ही थांबतो आणि जोडीदाराला तसं आधी कळवतो.

मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेत हे सुरू करायचंय, घरोघरी एकच मोबाइल आहे.

लहान सुरुवात करा. लिहायची खरी ओढ असलेली आठ-दहा मुलं पुरेत. लेखन वहीतच होऊ द्या, तुम्ही आठवड्यातून एकदा शाळेच्या संगणकावर मुलांकडून टाइप करून घ्या किंवा पानाचा फोटो काढून पाठवा. रोज इंटरनेट लागत नाही, आमच्याकडेही नसतं.

दुसऱ्या देशातली शाळा शोधायला आयअर्नची शिकण्याची मंडळं उपयोगी पडतात. सहा ते आठ वर्ग मिळून एक मंडळ होतं, एखादा विषय ठरतो, काही महिने लेखन फिरतं आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एक छोटं संकलन निघतं. तिथले शिक्षक भेटले की आधी त्यांच्याशी दोन-तीनदा बोला. मुलांची सुट्टी कधी, परीक्षा कधी, कुठले विषय नाजूक आहेत, हे विचारा. आमची पहिली जोडणी कोलमडली ती यावरूनच. आम्ही गणपतीत गायब झालो आणि ते डिसेंबरात, आणि दोन्हीकडच्या मुलांना वाटलं की समोरच्याला आपलं लेखन आवडलं नाही.

पालकांची लेखी संमती घ्या. काय वाचलं जाईल, कोण वाचेल, खातं कुणाच्या नावावर असेल, हे साध्या मराठीत एका पानावर लिहा.

ठीक आहे बाई, पण मी आज घरी जाऊन नक्की काय करू?

आज काही टाकू नकोस. वहीचं एक पान घे आणि तुझ्या घरातली अशी एक वस्तू निवड जी परदेशातल्या मुलाने कधीच पाहिलेली नसेल. खलबत्ता, चूलवण, बाबांची टोपी, काहीही. ती कोण वापरतं, ती वापरताना कसला आवाज येतो, ती मोडली तर घरात कोण रडेल, एवढं लिही. उद्या मधल्या सुट्टीत मला दाखव. तोवर मी मनिलाच्या मॅडमना विचारते, त्यांच्याकडे कुणी जोडीदार मोकळा आहे का.